चिऱ्याच्या भिंतीचा रंग

ब्रश हातात घेतला तेव्हा मला ५८ पूर्ण झाली होती. फोंडा तालुक्यातल्या शाळांतून मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं. चित्रांचं वेड मात्र जुनंच. माहेरी माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता, त्यात दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं. "हा आपल्या मडगावचा माणूस," असं वडील अभिमानाने सांगायचे. मी ती मुखपृष्ठं पाटीवर गिरवायचे. पुढे संसार, शाळा, सासूबाईंचं आजारपण यांत ते सगळं मागे पडलं.

निवृत्तीनंतर रविवारच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे चार महिने माड, होडी आणि मावळता सूर्य यांच्या छापील चित्रांच्या नकला केल्या. हात वळला, हे खरं. पण घरी आणलेलं एकही चित्र भिंतीवर लावावंसं वाटेना. तो समुद्र मी कधी पाहिलेलाच नव्हता.

मग एकदा पणजीला गेले असता फोंतेन्यांत, त्या जुन्या वस्तीत, फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं पाहिली. १८७० साली सांग्याला जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला आणि तिथेच शिकवणारा हा चित्रकार. त्याने घरची माणसं रंगवली, बायको, मुली. घरातल्या माणसाकडे इतकं निवांतपणे कोणी पाहू शकतं, हे माझ्या मनातून जाईना. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की आता घरातलंच काढायचं.

सुरुवात न्हाणीतल्या भाणापासून केली. पाणी तापवायचं ते तांब्याचं भाण सासूबाईंच्या आधीपासूनचं. वरचा काठ चिंचेने घासलेला, लखलखीत. खाली पोटाला काजळीचा जाड थर. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच कोरा ठेवायचा असतो. काठावरची ती चमक राखायला मला सहा कागद लागले. हात सवयीने तिथे जायचाच आणि चमक बुजायची. काजळीला मी आधी काळा रंग लावला, तर भाणाला भोक पडल्यासारखं दिसलं. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळला तेव्हा ती काजळी जिवंत झाली. निळा जास्त पडला की तोच रंग जूनमधल्या आभाळाचा होतो.

पावसाने खूप छळलं. पहिल्या वर्षी चांगला जाड, ३०० जीएसएमचा कागद उघड्या कपाटात ठेवला. ऑगस्टमध्ये काढून रंग लावला, तर टीपकागदासारखा जागोजागी शोषला गेला आणि ठिपके उमटले. दमट हवेने कागदावरची खळ गेली होती. तेव्हापासून कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, सोबत चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. एक थर वाळायला श्रावणात अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात पेज शिजते.

त्याच पावसात मागीलदारची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत सापडली. २७ वर्षं तिच्याकडे पाठ करून मी कपडे वाळत घातले होते. चिरा तांबडा, एवढंच मला ठाऊक होतं. स्टूल घेऊन बसले तेव्हा दिसलं, प्रत्येक भोकाच्या कडेला वेगळा तांबडा आहे, आत जांभळट सावली, ओल चढलेल्या भागावर हिरवं शेवाळ आणि त्यावर काळपट बुरशी. चिऱ्याला तांबडेपणा येतो तो त्यातल्या लोहामुळे. बर्न्ट सिएना म्हणजेही लोह असलेली भाजलेली माती. म्हणजे माझ्या ट्यूबमध्ये भिंतीचीच सख्खी बहीण होती. हे कळलं त्या दिवशी मी आनंदाने जेवायचंही विसरले.

त्या भिंतीची आतापर्यंत १९ चित्रं झाली. सकाळी आठच्या आत ऊन तिरकं येतं तेव्हाच भोकं खोल दिसतात. नंतर भिंत सपाट होते. म्हणून सकाळची कामं मी आता मागे ढकलते, आणि घरच्यांनी ते मनापासून मान्य केलंय.

चवथीला जाऊबाई आल्या होत्या. भाणाच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग काठाच्या डाव्या बाजूला बोट टेकवून म्हणाल्या, "हो पोचो आमच्या लग्नाच्या वर्साचो न्हय गो?"

तो पोचा मी काढला होता, पण पोचा म्हणून नाही. तिथे उजेड जरा वाकलेला दिसला, म्हणून.