झाडीपट्टीतली सहल: शेवटच्या दिवसाचा हिशेब

आमच्या सहलीचा शेवटचा दिवस खरं तर आदल्या रात्री साडेदहालाच सुरू झाला. ताडोबा आणि मार्कंडा करून आम्ही अकोल्याचे सोळा जण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला मुक्कामी आलो होतो. तिथे कळलं, अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आहे. आणि झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगल-धानाच्या पट्ट्यात, पट म्हटला की रात्री नाटक आलंच. कार्यक्रमपत्रिकेत हे कुठेच नव्हतं, पण जेवणं उरकून आम्ही गाडीत बसलो.

आम्ही कापूस-तुरीच्या मुलखातले. नाटक म्हणजे सभागृह, तिसरी घंटा आणि कोपऱ्यातला खोकला, एवढीच आमची कल्पना. इथे रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कनाती लावलेल्या, खाली तणस (धानाचा पेंढा) अंथरलेली, आणि साऱ्या पंचक्रोशीतली माणसं चादरी-ब्लँकेटं घेऊन लेकराबाळांसह बसलेली. भाऊबीजेपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो. नाटक कंपन्यांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा देसाईगंजला, तिथे जाऊन गावोगावची मंडळं नाटक ठरवतात. आमच्या शेजारच्या बाईंकडे त्या रात्री अकरा पाहुणे होते. पट बघायला येतात, नाटकाला थांबतात आणि एखादी सोयरीकही जमवून जातात, असं त्या सहज सांगून गेल्या. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रात हे सगळं वाचलं होतं. पण तबल्याची थाप कनातीच्या कापडातून अंगावर येते ते वाचून कळत नाही. गाण्याला वन्समोअर, विनोदी पात्राला शिट्ट्या, आणि मधेच खलनायकाला पुढच्या रांगेतून दिलेला सज्जड दम!

दीड वाजता आमच्यातले निम्मे उठायला लागले तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "आताच कुठं जाता जी? खरा नाटक तर आता सुरू होते." त्यांचं खरं ठरलं. संपायला साडेचार झाले.

जाणार असाल तर तिकीट खुर्चीचं काढा. तणशीवर बसायची हौस तासाभरात कमरेत उतरते. स्वेटर पुरत नाही, जाड पांघरूण हवंच. कानटोपीला लाजू नका. बायकांनी निघायच्या आधी मुक्कामावरच सगळं आटोपून यावं, तिथे सोय म्हणजे अंधार.

आमची चूक झाली ती वेगळीच. नाटकाच्या नादात एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही: आमचे ड्रायव्हरभाऊसुद्धा आत बसले होते, आणि आमच्यापेक्षा जास्त रंगले होते. सकाळी सातला निघायचं ठरलेलं. पाच वाजता मुक्कामाला पोचलो तेव्हा त्यांचे डोळे बघून आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी निकाल दिला, "हा माणूस अकरापर्यंत झोपणार. ज्याला घाई असेल त्यानं पायी निघावं." घाई कुणालाच नव्हती, फक्त सहल आखणारे आमचे भाऊजी कागद उलटसुलट करत बसले. कागदावर चार ठिकाणं होती: तलाव, प्रतापगड (साताऱ्याचा नव्हे, इथलाच), गोठणगावची तिबेटी वसाहत आणि परतताना पवनी. वर रात्री नागपूरहून अकोल्याची गाडी. शेवटच्या दिवशी चार ठिकाणं लिहिणाऱ्या माणसाने सामान बांधायला लागणारा वेळ कधी मोजलेलाच नसतो, हे माझं जुनं मत आहे.

झोप आता येणार नव्हतीच, म्हणून आम्ही सहा जण तसेच तलावाच्या पाळीवर गेलो. एकट्यादुकट्याने अंधारात जाऊ नका; हा वाघ-बिबट्यांचा भाग आहे, उजाडल्यावरच पाय बाहेर काढा. पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की समोरचे सातबहिणींचे डोंगर नाहीतच असं वाटावं. पक्षी आधी ऐकू आले आणि मग दिसले. चक्रवाकांची जोडी अगदी जवळ होती, भाजलेल्या विटेच्या रंगाची. ऊन पाण्यावर टेकलं तसं धुकं खालून वर उचललं गेलं आणि एकेक बहीण बाहेर आली. सात मोजायला वीस मिनिटं लागली. दुर्बीण एक तरी हवीच. आमच्याकडे होती ती बॅगेत, बॅग गाडीत, आणि गाडीची किल्ली झोपलेल्या माणसाच्या खिशात.

हा तलाव कोलू पाटील नावाच्या कोहळी समाजातल्या पुढाऱ्याने बांधला असं परंपरा सांगते, आणि कोलासुर म्हणून त्याची पूजाही होते. दोन टेकड्यांमधली खिंड हेरून तिथे माती-दगडाची पाळ घालायची आणि पावसाळ्याचं पाणी धानासाठी अडवायचं, ही कोहळ्यांची विद्या. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत. मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेल्यावर ते सरकारकडे आले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी' झाले. त्याचं लघुरूप 'मामा तलाव'. बोर्डावर तसंच लिहिलेलं दिसतं. आमच्या वहिनींनी दोन दिवस मनातल्या मनात ते कुणाच्या तरी मामाचे समजून घेतले होते.

जंगल सफारी आम्ही केली नाही. तुम्हाला करायची असेल तर शेवटच्या दिवशी ठेवू नका, आणि बुकिंग करतानाच साप्ताहिक सुट्टीचा वार बघून घ्या.

अकराला निघालो. प्रतापगड गाडीतूनच पाहिला. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, महादेव आणि दर्गा दोन्हीकडे माणसं जातात. गोठणगावची तिबेटी वसाहत मात्र थांबून बघितली. 1972 पासूनची ही वस्ती, नाव नोर्ग्येलिंग. गोंपा (बौद्ध मठ) सुंदर, रंगीत पताका, आणि मागे पुंजणे रचलेल्या धानाच्या बांध्या. गल्ल्या मात्र ओस. एक आजोबा उन्हात माळ ओढत बसले होते. त्यांना विचारलं, सगळे कुठे गेले? हसून स्वच्छ हिंदीत म्हणाले, "आपके शहर में, स्वेटर बेचने।" आम्ही सगळ्यांनी आपापल्या अंगावर पाहिलं. निदान तीन स्वेटर तरी त्या फुटपाथवरच्या दुकानांतले असावेत. तेव्हा वसाहत गजबजलेली बघायची असेल तर थंडीचा धंदा आटोपल्यावर या, फेब्रुवारीत. शांतता हवी असेल तर डिसेंबर उत्तम. मोमो मिळतील या आशेवर मात्र उपाशी येऊ नका. अर्जुनीला जेवूनच या.

तिथून लाखांदूर, पवनी, भिवापूर, उमरेड असा नागपूरचा रस्ता धरला. पवनीला वैनगंगेचे घाट आणि जुन्या किल्ल्याचा दरवाजा बघायचा होता. पुलावरून नदी बघितली, भाऊजींनी घड्याळ बघितलं, आणि गाडी थांबली नाही. त्यांना वाईट वाटलं. मला नाही. पवनीला अर्धा दिवस द्यायला हवा, वीस मिनिटांत घाट उतरून फोटो काढून चढण्यात काय आहे?

गोठणगाव ते नागपूर चार तास धरा, उमरेडच्या पुढे शहराची गर्दी लागते. पैसे रोख ठेवा. जंगलपट्ट्यात मोबाईलची रेंज मधेमधे जाते आणि चहावाल्याचा स्कॅनर तेव्हाच रुसतो. रेल्वेने येणाऱ्यांसाठी देवलगाव हे नवेगावबांधचं जवळचं स्टेशन, गोंदिया-बल्लारशा मार्गावर. पण गाड्या मोजक्याच, वेळापत्रक आधी बघा.

लाखांदूरला फक्त एका कामासाठी थांबलो. आत्याला चिन्नोर तांदूळ हवा होता. पाच किलो म्हणत दुकानात शिरल्या आणि पंचवीस किलोचं पोतं घेऊन बाहेर आल्या. नागपूर स्टेशनवर ते पोतं जिन्याने चढवलं ड्रायव्हरभाऊंनी, अकरापर्यंत झोपलेला तोच एक ताजा माणूस होता. उतरताना मला म्हणाले, "मॅडम, शेवटचा अंक तुम्ही झोपेत घालवला. सांगू का काय झालं ते?" गाडी यायला चाळीस मिनिटं होती. आम्ही पोत्याभोवती बसलो आणि त्यांनी सांगितला.