घासून काढ, पुन्हा कोर

सातवीत चित्रकलेच्या सरांनी आम्हाला खडूवर नाव कोरायला लावलं. हत्यार म्हणजे कंपासपेटीतलं कर्कटक. मी मन लावून ‘स’ कोरला, शाईत टेकवून कागदावर दाबला, तर उमटला उलटा! वर्ग खिदळला. सर एवढंच म्हणाले, “घासून काढ, पुन्हा कोर.” व्हरांड्याच्या फरशीवर घासून घासून खडूचं पेरभर थोटूक राहिलं. दुसरा खडू काही मिळाला नाही. सरांचा तेव्हा भयंकर राग आला होता.

पुढे नोकरीच्या कामासाठी बीजिंगला जाणं झालं. एका सुट्टीच्या दिवशी यूअर नावाच्या जुन्या गल्लीतलं १३ नंबरचं घर पाहायला गेलो. चिनी चित्रकार ची बायशी यांचं स्मारक आहे तिथे. जग त्यांना कोळंबीच्या चित्रांसाठी ओळखतं. मला मात्र त्यांचे दगडी शिक्के भावले. चीनमध्ये चित्राखाली, पत्राखाली असा लाल शिक्का हवाच.

१८६४ साली हूनान प्रांतात, श्यांगथानजवळच्या गरीब शेतकऱ्याच्या घरी हे जन्मले. शाळा वर्षभरही धड झाली नाही. मग सुतारकी, पलंग-कपाटांवरची नक्षी. त्यांनीच सांगितलेली एक आठवण आहे. शहरातून आलेल्या एका नामांकित कोरणाऱ्याकडे त्यांनी शिक्क्यासाठी दगड दिला. “नीट सपाट नाही, घासून आण.” घासून नेला, तरी तेच. दगड आरशासारखा गुळगुळीत होता. खोट होती ती सुताराच्या पोराकडे पाहणाऱ्या नजरेत. ते चिडले, दगड परत घेतला आणि रातोरात स्वतःच कोरला.

नंतर एका जाणत्या मित्राला विचारलं, हात कसा बसेल? तो म्हणाला, ओढ्याकडचे दगड कावड भरून आण. कोर, घास, पुन्हा कोर. घासल्याचा चिखल खाऊच्या तीन-चार डब्यांत भरला की जमलं समज. आणि या माणसानं ते अक्षरशः केलं! खोलीभर पाणी नि चिखल. एक कोपरा ओला झाला की कोरड्या कोपऱ्यात सरकायचं. हे वाचलं आणि आमचा व्हरांडा डोळ्यांपुढे आला.

त्यांची खरी करामत कोरणीच्या चालीत. इतर लोक रेघेच्या दोन्ही कडांनी कोरणी फिरवून ती साफसूफ करतात. हे एका बाजूनं एकदाच ढकलत. एक कड सरळ, दुसरी खडबडीत फुटलेली, आणि वर डागडुजी नाही. काही जाणकारांना ते रांगडं वाटायचं. मला त्यात लाकडावर काम केलेला हात दिसतो. स्वतःला ते ‘तीनशे दगडी शिक्क्यांचा धनी’ म्हणवत, आणि तेही शिक्क्यावरच कोरलेलं. १९५७ मध्ये ते गेले, तोवर त्यांची ही एकच फटकाऱ्याची चाल कित्येकांनी उचलली होती. चिनी शिक्केकोरणीला २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली.

बीजिंगहून मी एक मऊ दगड, कोरणी आणि शेंदरी रंगाच्या लगद्याची डबी आणली. हिंगूळ, एरंडेल आणि वनस्पतीचे तंतू कालवून तो लगदा करतात. देवनागरी ‘स’ची उभी रेघ पहिल्या चार खेपांना फुटली. पाचव्या खेपेचा शिक्का या मनोगताखाली उमटवून पाठवतोय. छापताना उलटा होणार नाही, एवढं संपादक मंडळानं पाहावं.