तुम्ही विचारलंत म्हणून: आरसीएस आलं, तरी बुडबुडा हिरवा का?

अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून हा प्रश्न फार येतो. शाळेच्या पालकांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे आयफोन, आपला एकट्याचा अँड्रॉइड. ॲपलने आरसीएस (एसएमएसपेक्षा नवी, मोठे फोटो-व्हिडिओ नेणारी मेसेजपद्धत) आणलं म्हणतात, तरी ते आपल्याला पाठवतात त्या मेसेजचे बुडबुडे त्यांच्या फोनवर हिरवेच दिसतात आणि व्हिडिओ पार गढूळ येतात. फोन बदलावा का?

फोनचा दोष बहुधा नसतो. शिवाय हिरव्या रंगावरून काहीच ठरवता येत नाही. आयफोनवर निळा म्हणजे ॲपलचा स्वतःचा आयमेसेज. तो २०११ पासून आहे आणि फक्त ॲपलच्या उपकरणांमध्ये चालतो. बाकी सगळं हिरवं: एसएमएस, एमएमएस (फोटो-व्हिडिओ नेणारा जुना मेसेज) आणि आरसीएससुद्धा. खरी खूण मेसेज लिहायच्या रिकाम्या चौकटीत असते. तिथे फिकट अक्षरांत 'टेक्स्ट मेसेज' आणि त्यापुढे 'आरसीएस' किंवा 'एसएमएस' असं दिसतं. आयफोनवाल्याला तेवढं वाचून दाखवायला सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

एसएमएस दिसलं, तर व्हिडिओ एमएमएसने जातोय. एमएमएसची मर्यादा कंपनीनुसार बदलते, पण ती काहीशे केबी ते दोन-तीन एमबी एवढ्यातच असते. आयफोनवर साध्या १०८० पिक्सेलमध्ये काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे ६० एमबी भरतो. तो एक एमबीत कोंबायचा म्हणजे साठातले एकोणसाठ भाग फेकून द्यायचे. चेहरे ओळखू येतात हेच नवल.

आरसीएस हा एमएमएसच्या जागी यायचा समाईक नियम. मोबाइल कंपन्यांची संघटना जीएसएमए हिने २०१६ मध्ये त्याचा 'युनिव्हर्सल प्रोफाइल' ठरवला. त्यात फाइल १०० एमबीपर्यंत जाऊ शकते, वाचल्याची खूण मिळते, समोरचा लिहितोय हे दिसतं. पण कंपन्या आपापल्या गतीने रेंगाळत राहिल्या आणि गाडा पुढे ढकलला तो मुख्यतः गूगलने. ॲपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये होकार दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ (आयफोनची कार्यप्रणाली) बरोबर सोय आली. एवढा उशीर तांत्रिक अडचणीमुळे झाला असं मला वाटत नाही. निळा-हिरवा भेद ग्राहक धरून ठेवतो, हे ॲपलला पक्कं ठाऊक होतं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲपलवर जो खटला भरला, त्यातही हा मुद्दा आहे.

आता चालू करायचं कसं. आयफोनवर सेटिंग्ज, मग ॲप्स, मेसेजेस आणि तिथे 'आरसीएस मेसेजिंग'. हा पर्यायच दिसत नसेल तर आयओएस १८ च्या आधीचं असेल, नाहीतर सिमकार्डाच्या कंपनीने सोय दिलेली नसेल. स्वस्तातल्या छोट्या कंपन्यांच्या सिमवर हे जास्त आढळतं आणि त्यावर फोनच्या दुकानात इलाज नाही.

अँड्रॉइडवर गूगल मेसेजेस हेच मेसेजचं मुख्य ॲप हवं. वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी, मेसेज सेटिंग्ज, आरसीएस चॅट्स. स्थिती 'कनेक्टेड' दिसली पाहिजे. ती 'सेटिंग अप'वरच अडून बसली, तर आधी दोन सिम आहेत का पाहा. भारतातलं सिम आत ठेवून फिरणाऱ्यांच्या फोनमध्ये अनेकदा भलताच नंबर नोंदवला जातो. मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर प्रयत्न करा. तिथेच 'आपोआप एसएमएस किंवा एमएमएसने पुन्हा पाठवा' असा एक पर्याय असतो. मी तो बंद ठेवायला सांगेन. चालू असला की आरसीएस अडताच मेसेज गुपचूप जुन्या वाटेने जातो, फोटो बिघडतो आणि भारतातल्या नंबरला पाठवला असेल तर आंतरराष्ट्रीय एसएमएसचे पैसेही लागू शकतात.

ग्रुपचं गणित कडक आहे. त्यातल्या एकाकडेही आरसीएस नसेल तर सगळा ग्रुप एमएमएसवर उतरतो. जुना ग्रुप नीट होत नसेल तर प्रत्येकाचं आरसीएस चालू असल्याची खात्री करून नवा ग्रुप काढा. तोवर व्हिडिओ गूगल फोटोज किंवा आयक्लाउडच्या लिंकने पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. तसा पाठवलेला व्हिडिओ दाबला जात नाही.

गुप्ततेबद्दलही विचारता. आयओएस १८ आलं तेव्हा आयफोन आणि अँड्रॉइडमधल्या आरसीएसला दोन्ही टोकांचं एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कोणालाही मेसेज वाचता न येणं, नव्हतं. मार्च २०२५ मध्ये जीएसएमएने ते नियमात घातलं, एमएलएस नावाच्या पद्धतीवर, आणि ॲपलने पाठिंबा जाहीर केला. तुमच्या संभाषणात ते आहे का, हे गूगल मेसेजेसमधल्या कुलपाच्या चिन्हावरून ओळखा. कुलूप नाही तर बँकेचे कागद पाठवू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांना एसएमएसवर घसरण्याचा आणखी एक फटका बसतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधी इंग्रजी अक्षरं त्यात १६० बसतात, देवनागरी फक्त ७०. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून 'नमस्कार'ची सात. मेसेज लांबला की जोडणीची माहिती घालावी लागते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. इंग्रजी मेसेजात एक इमोजी घातला तरी तोही याच हिशोबात येतो.

आणि आयफोन सोडून अँड्रॉइड घेणाऱ्यांनी सिम काढण्याआधी जुन्या फोनवर आयमेसेज बंद करावं. नाहीतर इतरांचे आयफोन तुमच्या नंबरवर आयमेसेजच पाठवत राहतात आणि ते तुमच्यापर्यंत येत नाहीत. फोन विकून झाला असेल तर ॲपलच्या साइटवर नंबर वगळण्याचं पान आहे: नंबर टाकायचा, एसएमएसने आलेला सहा आकडी कोड भरायचा. तरीही एखाद्याचे मेसेज येईनात, तर त्याला तुमचं जुनं संभाषण पुसून नव्याने सुरू करायला सांगा.