बांबूचा पास

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालेल्या एसटीतून लेखाला उतरणारा मी एकटाच होतो. तिथून मेंढा हे गोंड आदिवासींचं गाव पायी. मार्च सरत आला होता, त्यामुळे गाव दिसायच्या आधी मोहाचा वास आला.

एका मोहाखाली काकू खराट्यानं पाचोळा बाजूला सारत होत्या. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पुष्कळ ठिकाणी हा पाचोळा पेटवून देतात आणि मग तीच आग रानात शिरते. ‘जाळला तं दहा मिनिटाचं काम आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण मंग इझवाले सारं गाव धावते.’ पर्यावरणावरच्या किती व्याख्यानांना बसलोय, पण आगीची किंमत कुणी इतक्या थोडक्यात सांगितली नव्हती.

मेंढा (लेखा) म्हटलं की ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आठवते. मला बघायचा होता तो बांबूचा हिशेब.

गावातले एक भाऊ मला बांबूच्या बेटाशी घेऊन गेले. यंदाचा कोवळा बांबू त्यांनी बोटानं दाखवला. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारचाही नाही. तीन वर्षांच्या आतला तोडला की बेट खचतं. जुना तोडायचा तोही जमिनीलगतच्या पेऱ्याच्या वर, नाहीतर बुंध्यात पाणी साचून कुजतो. ‘एकाचे किती मिळतात?’ असं मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘कोणता तोडता त्याच्यावर आहे.’ भाव विचारला होता, वय सांगितलं.

बांबू म्हणजे गवत. पण 1927च्या वन कायद्यानं त्याला झाडात घातलं, आणि पिढ्यान् पिढ्या जंगलात राहणारा गोंड माणूस स्वतःच्या रानात चोर ठरत राहिला. कागद कारखान्यांना मात्र तोच बांबू लीजवर मिळायचा. (हे सगळं मी कागदी वहीत लिहून घेत होतो, हे लक्षात आलं तेव्हा जरा ओशाळलो.) 2006च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे इमारती लाकूड नव्हे, तर गावानं गोळा करून विकायची रानातली उपज. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी माल बाहेर न्यायचा वाहतूक परवाना हाती नव्हता. हक्क तुमचा, पण गाडी नाक्यावर अडणार! एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा या परवान्यांचं, म्हणजे पासांचं, पासबुक ग्रामसभेच्या हाती पडलं.

माझ्या मते सगळी गोम त्या पासात आहे. आदिवासींना ‘लाभ’ द्यायला सगळेच तयार असतात. नाही म्हणायचा अधिकार द्यायची वेळ आली की फायली अडकतात. इथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचंही पटत नसेल तर विषय पुढच्या सभेवर. मी भाऊंना म्हटलं, यात किती वेळ जातो! ते हसले. बेट वाढायलाही जातोच की, असं काहीतरी गोंडीत शेजारच्याला म्हणाले. त्यानं ते मला मराठीत सांगितलं.

निघताना मी पासबुकाचा फोटो घेऊ का, असं विचारलं. भाऊंनी मान हलवली.

‘मी एकटा कसा हो म्हणू? सभेत विचारा लागन.’

सभा चार दिवसांनी होती. माझी परतीची एसटी सव्वाचारला. म्हणून या लेखासोबत फोटो नाही.