आमची वाटचाल : एका डुगडुगत्या ठोकळ्यापासून

आमचं दुकान म्हणजे पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळची एक लांबट शेड. योगाचं लाकडी सामान बनवतो. ठोकळे, हलासन बॉक्स, सेतुबंध बेंच, ऑर्डर आली तर ट्रेसलर म्हणजे आधाराचा लाकडी घोडा पण, आणि निवारीचे पट्टे, लोड हे बाहेरून शिवून घेतो. ज्यांना हे सामान माहितीय त्यांना जास्त सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की आसन करताना अंगाला आधार म्हणून हे वापरतात.

मी मूळचा फर्निचरवाला. १९९८ साली एक कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना कंबर धरली ती धरलीच, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, शेवटी मेव्हण्याने कोथरूडला एका बाईंच्या क्लासला नेऊन सोडलं. बाई अय्यंगार पद्धतीने शिकवायच्या. ही पद्धत बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची. गुरुजी १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला म्हणून पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले, त्यामुळे त्यांच्याकडे शिकलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, हे पुण्याचं नशीबच म्हणा. पहिल्याच दिवशी त्रिकोणासनात माझा हात जमिनीला पोचेना, बाईंनी हाताखाली लाकडी ठोकळा सरकवला. आणि तो डुगडुगत होता! कंबर राहिली बाजूला, माझं सगळं लक्ष त्या ठोकळ्यावर. क्लास संपल्यावर बाईंना विचारून तो घरी नेला, गुण्या म्हणजे काटकोन बघायचं अवजार लावलं, एक कोपरा सूतभर वर होता. दोन हात रंधा मारला आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिला. बाईंनी हात ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "उरलेले अकरा पण घेऊन जा."

धंदा तिथून सुरू झाला. २००३ ला फर्निचर पूर्ण बंद केलं. सोबत आमचे मिस्त्री, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, त्यांनी आयुष्यात एक आसन केलं नाही पण ठोकळ्याची कड त्यांच्यासारखी कुणी मारत नाही. पॉलिश कागद झाला की डोळे मिटून कडेवरून तळवा फिरवायचे, कुठे टोचलं की परत. मग काचेवर ठेवून तिन्ही बाजूंनी दाबून बघायचं, कारण ठोकळा उभा, आडवा, सपाट तिन्ही प्रकारे वापरतात आणि तिन्हीकडे माणसाचं वजन येतं. आजही आमचा प्रत्येक नग काचेवरून जातो.

आता लोक विचारतात की इतकी वर्षं योग करून धंद्यात काय फरक पडला. मी सांगतो की पायात फरक पडला. आधी मी एका पायावर भार टाकून रंधा मारायचो, सगळं खांद्याने. ताडासन नीट कळायला मला चार वर्षं लागली, पण कळल्यावर दोन्ही टाचा दाबून उभा राहायला लागलो, रंधा पुढे जाताना श्वास सोडायचा, मागे येताना घ्यायचा. ढलपी एकसारखी निघते आणि संध्याकाळी कंबर बोलत नाही. नवीन पोरगं कामाला आलं की पहिला आठवडा मी त्याला फक्त उभं राहायला शिकवतो, हसतात, हसू देत.

आता २०१५ चं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही वाटचाल पूर्ण होत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये युनोने २१ जून हा योग दिवस जाहीर केला आणि बाजार एकदम पेटला. फेब्रुवारीत एक व्यापारी आला, नाव घेत नाही, १००० जोड्या म्हणजे २००० ठोकळे, १० जूनच्या आत. लाकूड तोच देणार. पाइन आलं, मी एक तुकडा उचलला आणि हातालाच कळलं की ओलं आहे. म्हटलं शेठ, हे सुकवायला पाहिजे, दोन महिने तरी थप्पी लावून ठेवू. तो म्हणाला वेळ नाही, जबाबदारी माझी. तोंडी म्हणाला. आणि मी ऐकलं, ती माझी चूक, मान्य आहे. जादा माणसं लावली, नवीन प्लेनर मशीन घेतलं, त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. माल वेळेत दिला. तो गेला एसी गोडाऊनमध्ये आणि पंधरा दिवसांत टोकांना चिरा पडल्या, पडणारच होत्या! शेठने पेमेंट अडवलं, मार्केटमध्ये सांगत फिरला की यांचा माल फुटतो, आणि वर आमचं सँपल दुसऱ्या गावच्या कारखान्यात देऊन हुबेहूब आमच्या गोल कडेचा ठोकळा काढला. ती कड मिस्त्रींची होती. मला पैशापेक्षा ते जास्त लागलं, अजून लागतं.

त्या काळात माझी पहाटेची साधना बंद पडली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. रात्री झोप नाही, घरात आरडाओरडा, मिस्त्रींवर पण एकदा ओरडलो. कोथरूडच्या बाईंना कुठून कळलं माहीत नाही, एक दिवस रिक्षा करून शेडवर आल्या. काही विचारलं नाही. आमचाच एक लोड भिंतीशी लावला आणि म्हणाल्या, "पाय वर घे." भुश्श्यात, गिऱ्हाइकांसमोर, वीस मिनिटं विपरीत करणी. उठलो तेव्हा टेबलावर चाळीस ठोकळ्यांचे पूर्ण पैसे ठेवलेले होते. दुसऱ्या दिवसापासून पाचला उठायला लागलो, आणि डोकं शांत झाल्यावर पहिलं काम केलं ते मिस्त्रींची माफी मागायचं, दुसरं बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून घ्यायचं. पाटल्या सोडवायला २०१८ उजाडलं. नंतरची वर्षं बरी गेली, लॉकडाऊन पण निभावलं.

धंदा करणाऱ्यांना एकच सांगेन, गिऱ्हाइकाच्या लाकडावर काम घेऊ नका, आणि घेतलंत तर लिहून घ्या. आणि ठोकळा घेणाऱ्यांनो, फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबून बघा, टोकाला गाठ आहे का बघा, चकचकीत पॉलिशवाला घेऊ नका, घामाने हात सटकतो. फोमचा वाईट नसतो, हलका असतो, प्रवासाला बरा, पण पूर्ण भार टाकला की दबतो. सागवानी सव्वा किलोच्या आसपास भरतो, तो हलत नाही. गॅलरीत उन्हात ठेवू नका.

मिस्त्री आता येत नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. बाईंचे गुडघे दुखतात तरी क्लास चालू आहे. गेल्या महिन्यात त्यांनी बारा जुने ठोकळे पाठवले, कडा घासायला. त्यात तो पहिला होता, खाली माझी पेन्सिलची खूण अजून आहे. काचेवर ठेवला, तिन्ही बाजूंनी दाबला. रंधा लावायची गरज पडली नाही, नुसता कागद मारून परत पाठवला.