पॉलिश पुढून, लाकूड मागून

आमच्या घरात नव्या घेतलेल्या वस्तू मोजक्याच. गाद्या, उशा आणि फ्रिज. बाकी पलंग, कपाटं, जेवणाचं टेबल, पोरीचं अभ्यासाचं टेबल, सगळं कुणाच्या ना कुणाच्या घरून आलेलं. पाहुणे विचारतात, "कुठून बनवून घेतलं?" खरं सांगितलं की त्यांचा चेहरा जरासा पडतो. सासूबाई धुळ्याकडच्या. पहिला पलंग दारात उतरला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "जुनं कसाले लई राहिनी वं माय?" म्हणजे जुनं कशाला आणतेस गं बाई. आता त्याच पलंगावर दुपारी पंखा फुल करून झोपतात आणि शेजारणींना सांगतात, असली सागाची वस्तू आता मिळत नाही.

मिळते. पण दुकानात शोधू नये, असं माझं मत. जुन्या फर्निचरच्या दुकानात वस्तू पोचली की आधी तिच्यावर गडद पॉलिशचा हात फिरतो. मग खाली साग आहे, बाभूळ आहे की आंबा, हे कधीकधी दुकानदारालाही सांगता येत नाही. घरातून थेट उचललेली वस्तू मळकट दिसते, पण तिच्यावर काही झाकलेलं नसतं.

आम्हा जळगावकरांना त्यासाठी भुसावळ जवळ आहे, हे नशीबच. भुसावळ म्हणजे बदल्यांचं गाव. रेल्वे आहे, आयुध निर्माणी आहे, पलीकडे वरणगावची निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र. शाळांच्या परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये क्वार्टर रिकामी व्हायला लागतात. बिहार नाहीतर बंगालकडे बदली झालेला माणूस लोखंडी कपाट ट्रकात घालून नेत नाही, भाडंच कपाटाएवढं होतं. मी तिथल्या ओळखीच्या दोन-चार बायकांना एप्रिलपासूनच सांगून ठेवते. किराणा दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यासुद्धा वाचते.

लोखंडी कपाटात मला जुनं गोदरेजच आवडतं. या कंपनीची पोलादी कपाटं 1923 पासूनची, आणि जुन्या कपाटाचा पत्रा बोटाच्या पेराने ठोकला की भरीव आवाज येतो. पातळ पत्रा टिणटिण करतो. कपाट बघताना आरशाकडे बघू नये, खाली वाकावं. फरशी पुसताना वर्षानुवर्षं पाणी लागून तळाचा पत्रा आणि पाय गंजतात, आणि तिथेच नेमका रंग मारलेला असतो. दार अर्धं उघडून सोडून द्यावं. ते आपोआप मिटत किंवा उघडत गेलं तर बिजागरी खचली असेल नाहीतर जमीन उतरती असेल, म्हणून कपाट जरा हलवून परत बघायचं. आणि आतल्या तिजोरीची किल्ली हातात आल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. "किल्ली सापडली की देतो" म्हणणाऱ्यांची किल्ली कधी सापडत नाही.

लाकडाची चांगली वस्तू मात्र लग्नांमुळे बाहेर पडते. आपल्याकडे अजून मुलीला आंदणात पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल देतात. नव्या सुनेचा सेट आला की खोलीत दोन पलंग मावत नाहीत, मग आजेसासऱ्यांच्या काळातला सागवानी पलंग आधी ओसरीवर, मग गच्चीच्या जिन्याखाली आणि शेवटी विकायला. गंमत अशी की येणारा सेट पुष्कळदा भुसा नि गोंद दाबून केलेल्या पाट्यांचा असतो, वरून चकचकीत कागद. त्याला ओल लागली की फुगतो. स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही, त्यामुळे घर बदललं की असला पलंग कुरकुरायला लागतो. म्हणून जुन्यात भुशाच्या पाट्यांचं काही घेऊ नये, फुकट दिलं तरी. नवंच घ्यायचं असेल तर निदान एका जागी राहील असं बघा.

तिसरी जागा म्हणजे पाडायला काढलेले वाडे. अमळनेर, एरंडोल, चोपडा या बाजूला वाटण्या झाल्या की वाडा पाडून फ्लॅट उठतात. सातपुड्याचा आणि नवापूर-डांगकडचा साग एकेकाळी इकडे भरपूर वापरला जायचा. खांब, तुळया, दारं ठेकेदार एकगठ्ठा उचलतो, पण घरातली फर्निचरची सुटी वस्तू बऱ्याचदा तशीच राहते. त्याला पाहिजे असतात तुळया. (तुळया-फळ्या स्वतः आणणार असाल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा आणि पावती जवळ ठेवा.)

अमळनेरच्या एका वाड्यातून मी कपाट आणलं. मालकीणबाई आजी, त्यांना किंमतीपेक्षा कपाट कुठे ठेवणार याचीच काळजी. बघायला सोबत आमचे सुतार मिस्तरी होते. त्यांनी दाराला हातच लावला नाही. सरळ कपाट भिंतीपासून ओढलं आणि मागे जाऊन बसले. "ताई, पुढून सगळे पॉलिश बघतात. लाकूड मागून बघायचं असतं." पाठीची फळी कोरी होती, कधी पॉलिश न लागलेली. त्यांनी कोपऱ्यात पॉलिश पेपरचे दोन हात मारले आणि तिथे नाक लावलं. सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो, इतक्या वर्षांनीही. मग खण बाहेर काढून उलटा केला. कोपऱ्यात दोन्ही फळ्यांची टोकं एकमेकांत अडकवलेली, दोन हातांची बोटं गुंफावीत तशी, आणि एकही खिळा नाही. दाराच्या चौकटीत कुसू, म्हणजे फळीचं कोरून काढलेलं टोक, खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली. स्क्रू होते ते एका आडव्या खाचेचे. "स्टारचा, हल्लीचा फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला असता तर म्हटलं असतं, मधे कुणीतरी उघडलंय."

मग त्यांनी एका फळीच्या कडेची पांढुरकी पट्टी दाखवली. खोडाचा आतला गडद भाग कीड सहसा खात नाही, ती जाते बाहेरच्या या पांढऱ्या भागात. तिथे बारीक भोकं होती. मिस्तरींनी खाली वर्तमानपत्र पसरलं आणि फळीवर मूठ आपटली. कागदावर धूळ पडली, जाळं पडलं, पण पिठासारखा ताजा भुसा नाही. म्हणजे कीड जुनी, आता बहुधा जिवंत नाही. ताजा पिवळसर भुसा पडला असता तर ते कपाट तिथेच राहिलं असतं.

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने हिशोब लिहिलेला होता, कापूस वेचणीचा. नावं, समोर वजन, समोर पैसे. मिस्तरींना सांगितलं, बाहेरून पाहिजे तेवढं घासा, ही बाजू तशीच राहू द्या.

भावाचं म्हणाल तर मी फार घासाघीस करत नाही. "कितलाले देशी?" म्हणजे केवढ्याला देणार, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसल्यावर निम्मं काम होतं. पण वस्तूच्या किमतीवर वेडं होऊ नये, वरचा खर्च आधी धरावा. छोटा हत्तीचं, म्हणजे छोट्या टेम्पोचं भाडं, दोन्ही टोकांची हमाली, मिस्तरींची मजुरी, लाखेचं पॉलिश. माझ्या कपाटाचं पॉलिश नि दुरुस्ती मिळून किमतीच्या निम्म्यावर गेली होती. आणि टेप घेऊन जा. वस्तू मोजण्याआधी स्वतःच्या जिन्याचं वळण मोजा.

राहिला ढेकणांचा प्रश्न, जो सगळे विचारतात. गादी लावलेला सोफा मी घेतच नाही, तो कितीही सुंदर असू दे. पलंग असेल तर मे महिन्यात आणते. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, त्याचा एवढा तरी उपयोग. पलंग सुटा करून पाट्या काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर तापवायच्या. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते, पाट्या आतपर्यंत नीट तापल्या तर ढेकूण आणि त्यांची अंडी त्यात टिकत नाहीत. फक्त लाकूड दिवसचे दिवस उन्हात ठेवू नये, चिरतं.

सध्या शोध बंगईचा, म्हणजे घरातल्या झोपाळ्याचा चाललाय. रुंद सागाची एकसंध फळी आणि पितळी कड्या. अडचण अशी की फळी आणि कड्या एकत्र मिळतच नाहीत. वाडा पाडला की कड्या आधी मोडीत जातात, पितळ किलोवर विकलं जातं, आणि फळी मग कुणाच्या तरी गोठ्यात ओटा म्हणून पडते. शहादा-दोंडाईचाकडे कुणाच्या घरी जोडी अजून टांगलेली असेल आणि काढायचा विचार असेल, तर मला आधी सांगा. भंगारवाल्यापेक्षा जास्त देईन, आणि काढायला मिस्तरीसुद्धा मीच आणेन.