पंचवीस पिनांचं लॉक

फोंड्यात दुपारी एकला दुकानांची शटरं खाली आली की चारपर्यंत कुणी कुणाच्या दारात जायचं नाही, असा अलिखित कायदा आहे. पण बारावी झालेल्या पोराला नवा कॉम्प्युटर जुळवायचा असला की कसले कायदे! मी नुकता आडवा झालो होतो. भाचा आला, खाटेच्या कडेवर बसला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"मामा, एक्स ८७०ई घेऊ की झेड ८९०? की आता पुढचे येणार आहेत त्यांना थांबू?"

ही मदरबोर्डांची नावं, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाची. पहिला एएमडीच्या प्रोसेसरसाठी, दुसरा इंटेलच्या. अभ्यास त्याचा पक्का होता. एएमडीच्या या बोर्डावर यूएसबी ४ हे वेगवान पोर्ट सक्तीचं आहे, इंटेलवाल्याला त्याच जातीचं थंडरबोल्ट ४ थेट प्रोसेसरमधूनच मिळतं. प्रोसेसर आणि चिपसेट (बोर्डावरची पोर्टं सांभाळणाऱ्या चिपा) यांच्यामधली वाट इंटेलची आठ पदरी, एएमडीची चार पदरी. (आमच्या हायवेचं रुंदीकरण पाहिलेल्या माणसाला पदर मोजून दाखवू नयेत.) दोन्ही २०२४ चे. त्यातल्या एक्स ८७०ई वरच्या दोन चिपा म्हणजे २०२२ च्या एक्स ६७०ई वरच्याच, फक्त बारसं नव्यानं केलेलं, हेही त्यानंच सांगितलं. मग मला विचारायला कशाला आला होता, देव जाणे.

मी म्हटलं, "मागची बाजू दाखव."

ही माझी खोड आहे. बांगडा घेताना आई कल्ला उचलून बघते, तसा मी बोर्डाचा मागचा भाग बघतो. फोटो मोठा केला. यूएसबीची रांग, एचडीएमआय, नेटवर्कचं एक भोक, वाय-फायच्या अँटेनाचे दोन सोनेरी दांडे. जांभळं-हिरवं काहीच नाही.

जांभळं कीबोर्डाचं, हिरवं माउसचं. मॉनिटरचं निळं, माइकचं गुलाबी, प्रिंटरचं लांबट पोर्ट मरून. हे रंग इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं पीसी ९९ नावाच्या नियमावलीत ठरवून दिले होते. पोर्ट त्याआधीची. कीबोर्ड-माउसची ती गोल भोकं आयबीएमनं १९८७ मध्ये आणली. त्यांच्या त्या कॉम्प्युटरांचं नाव पीएस/२, तेच भोकांना चिकटलं. कॉम्प्युटर केव्हाच विस्मरणात गेले, भोकं मात्र टिकली. आजही एखाद्या बोर्डावर अर्धं जांभळं, अर्धं हिरवं असं एकच भोक दिसतं. एकत्र कुटुंबातली वाटणी झाल्यावर शेवटी एका खोलीत दोन जावा राहाव्यात, तसं.

त्या भोकात न बघता वायर घालायची म्हणजे परीक्षाच. टेबलाखाली डोकं, एक हात मशीनच्या मागे, आणि सहा पिनांपैकी एखादी हमखास वाकायची. मग बॉलपेनची संपलेली रिफिल घ्यायची, निब उपटून टाकायचं, पोकळ नळी त्या वाकड्या पिनेवर चढवायची आणि श्वास धरून हळूच सरळ करायची. जोर जास्त झाला की पिन नळीतच राहायची. मी एकूण तीन कीबोर्ड असे मारलेत. आणि चालू मशीनमधून वायर निघाली तर परत खोचून भागत नसे, मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागे. हातातलं अर्धं पान तेवढ्यात गेलेलं असे.

आता सगळं एकाच आकारात. टाइप-सीची चार भोकं शेजारी-शेजारी. एक १० गिगाबिटचं, एक २०, एक ४०, एकाला मॉनिटर लागतो, दुसऱ्याला लागत नाही. आणि हे कळायचं कसं, तर शेजारी तिळाएवढ्या अक्षरात लिहिलेलं वाचून. पूर्वी आकारच बोलायचा. चुकीच्या दारात माणूस शिरूच शकत नव्हता.

अर्थात जुनी पोर्टं एका रात्रीत गेली नाहीत. पोर्ट चिपसेटमधून आधी जातं, बोर्डावरून बरंच नंतर. २००६ मध्ये इंटेलच्या पी ९६५ या चिपसेटनं जुन्या हार्डडिस्कची रुंद चपटी पट्टी सोडून दिली, तर बोर्ड बनवणाऱ्यांनी पदरची वेगळी चिप बसवून ती आणखी काही वर्षं चालवली. २०११ ला पी ६७ मधून पीसीआय, म्हणजे जुनी कार्डं खोचायची खाच, गेली, तिथेही तेच. घरच्यांनी बंद केलेलं म्हातारीचं पान शेजाऱ्यांनी चार दिवस पुरवावं, असा प्रकार.

प्रिंटरच्या पोर्टाकडे मात्र कुणी फारसं वळून पाहिलं नाही. पंचवीस भोकांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू. आमच्या घरातलं सगळ्यांत महत्त्वाचं पोर्ट ते होतं.

बाबा नाटकवेडे. जत्रेच्या नाटकाला गावात पात्रांची कमी नसायची, नकला उतरवणाऱ्यांची असायची. एका नाटकाच्या दहा-बारा नकला हातानं लिहायच्या, त्यात राजाच्या नकलेत प्रधानाची वाक्यं शिरायची आणि रंगीत तालमीत भांडण. म्हणून १९९९ मध्ये बाबांनी कर्ज काढून कॉम्प्युटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेतला. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर एक लॉक यायचं, काड्यापेटीएवढं. ते प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं आणि प्रिंटरची वायर त्या लॉकच्या पाठीला लावायची. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. बाबा रोज रात्री ते काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवत. गणपतीच्या चांदीच्या वाटीशेजारी.

प्रिंटर चालायचा दुपारीच, कारण बाबांना वेळ तेव्हा मिळे. देवनागरी म्हणजे त्या प्रिंटरला चित्रच, एका ओळीला दोन-तीनदा डोकं फिरवायचा. करर्र, करर्र. आजी माडीवरून ओरडायची, "अरे, त्या मेल्या मशीनला जेवण घाल रे कुणीतरी!" आम्ही पोरं कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडायला टपलेली. दोन पट्ट्या काटकोनात एकावर एक दुमडत गेलं की स्प्रिंग होते. त्या वर्षी चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीत सुपारीच्या कात्र्यांमधून त्या स्प्रिंगा लोंबत होत्या. भटजींनी एकदा वर पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

नंतर बाबांनी स्वतःच एक नाटक लिहिलं. तीन अंकी, ऐतिहासिक, पूर्ण काल्पनिक. एकदाच झालं, देवळाच्या मंडपात, पहाटे साडेतीनला संपलं. छापील नकला लोकांच्या घरी गेल्या, त्या परत कोण देणार. आमच्याकडची प्रत वाळवीनं खाल्ली, तीही तळाकडून वर, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. पहिला अंक तेवढा वाचला. मशीनचा बोर्ड एका जूनमध्ये विजेनं गेला.

फाइल आहे. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी आणलीय. पण उघडली की ÷ आणि ß आणि कंसांची रांगोळी. त्या काळचे फॉन्ट युनिकोडचे नव्हते. ते बदलून देणारी दोन-तीन साधनं वापरून पाहिली. मधेच "महाराज" येतं आणि पुढे परत रांगोळी. मूळ सॉफ्टवेअर हवं. ते लॉक मागतं. लॉक पंचवीस भोकं मागतं. यूएसबीला जोडायची वायर मिळते, मी आणलीही. तिच्यातून प्रिंटर चालतो, लॉक नाही, कारण ते सॉफ्टवेअर यूएसबीकडे बघतच नाही. ते प्रिंटर-पोर्टाच्या ३७८ या जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतं आणि तिथे आता कुणी राहत नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्यानं जांभई दिली नाही, याचं कौतुक करायला हवं.

"मग एखादं जुनं मशीन घे ना, मामा. भंगारात हजार-दोन हजारांत मिळेल."

मिळेल. हे मला अकरा वर्षं माहीत आहे. प्रत्येक मे महिन्यात ठरतं, मग पाऊस सुरू होतो.

"बरं, मी कुठला घेऊ ते सांग."

"तू एक्स ८७०ई घे," मी म्हटलं. का, ते विचारू नका. त्याला बरं वाटलं. चहा होईपर्यंत थांबला. पोदेराचा भोंगा वाजल्यावर उठून पाव आणून दिले आणि गेला.

लॉक अजून त्याच खणात आहे, वाटीशेजारी. चवथीला आत्या येते तेव्हा विषय निघतोच. तिसऱ्या अंकात बाबांनी राजाला मारला होता, असं आत्या म्हणते. आई म्हणते, शेवटी तो वेशीवरून परत येतो, तिनं स्वतः पाहिलंय. आत्या म्हणते, पहाटे साडेतीनला तू झोपली होतीस.